अल्पशा आजाराने

बारामतीतल्या त्या छापखान्यात पुण्यानुमोदनाच्या पत्रिकेचा मजकूर कुणी घरून लिहून आणला, तर छापखानेवाल्याला ते आवडत नसे. माणूस कुणीही गेला तरी मजकूर त्याच्याकडे तयार असायचा. नाव, गाव, वय तेवढं विचारायचं, बाकी हात आपोआप चाले. कचरूतात्या टोपी मांडीवर घेऊन समोरच्या बाकावर बसले होते आणि तो लिहिता लिहिता मोठ्यानं वाचत होता. "आमचे ज्येष्ठ चिरंजीव, माध्यमिक शिक्षक कालकथित संघपाल कचरू लोंढे, राहणार कऱ्हाटी, यांचे अल्पशा आजाराने दुःखद निधन झाले." मग त्यानं मान वर केली. "अल्पशाच ना, तात्या?"

तात्यांनी मान हलवली.

सात महिने पोरगं अंथरुणावर झिजलं होतं. शेवटी शेवटी त्याला कुशीवर वळवायचं तर त्याची आई तुळसाबाई एकटीनं वळवायची, इतकं अंग उरलं होतं. त्याला अल्पसा म्हणायचं तर जीभ किती निबर पाहिजे! पण जीभ हलवायची वेळच आली नाही, मान हलवून भागलं. मग कुणी काही विचारलं नसताना तात्या आपणहून म्हणाले, "कावीळ झालती."

छापखानेवाला हळहळला. "वाईटच की. बायको, मुलंबाळं?"

"लगीन न्हाय केलं त्यानं."

"मग 'समाजासाठी आजन्म अविवाहित राहिलेले' असं टाकू का नावाच्या आधी? शोभून दिसतं."

तात्यांनी पुन्हा मान हलवली. अशा रीतीनं एका सकाळी, एका चहात, संघपालचं मरणही बदललं आणि जगणंही.

संघपाल एड्सनं गेला होता. हे घरातल्यांना ठाऊक होतं आणि त्याच्याबरोबर राहणाऱ्या आनंदला ठाऊक होतं. गावाला ठाऊक नव्हतं असं म्हणता येणार नाही. गावाला सगळं ठाऊक असतं, फक्त कुणीतरी तोंडानं म्हणेपर्यंत गाव ते माहीत नसल्यासारखं वागतं. ही सोय मोठी असते आणि माणसं तिच्यावर आयुष्यं काढतात.

संघपाल भिगवणच्या बाजूला एका हायस्कुलात विज्ञान शिकवायचा. शाळा सुटली की मोटारसायकल काढून पुणे-सोलापूर हायवेवरच्या धाब्यांवर जायचा आणि बाजेवर ट्रकवाल्यांच्या पंगतीत बसायचा. डाळजला आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवर एकामागोमाग ड्रायव्हर माणसं वाळून मरत होती, त्यांच्या बायका माहेरी हाकलल्या जात होत्या आणि कुणी म्हणे करणी, कुणी म्हणे टीबी. ब्याण्णव-त्र्याण्णवच्या त्या दिवसांत ह्या आजाराचं नाव घेणारा त्या पट्ट्यात हा एकच मास्तर. त्याची एक रीत होती. धाब्यावर नाहीतर वस्तीवर तो बैठक घ्यायचा, तिथं नवा माणूस आला की आधी त्याला आजाराचं नाव घ्यायला लावायचं. 'तसला आजार', 'मोठा आजार', 'मुंबईचा आजार' असलं काही चालायचं नाही. "नाव घ्या. नाव घेतल्यानं होत नसतो," तो म्हणायचा आणि वाट बघत बसायचा. बाप्ये हसण्यावारी न्यायचे, बायका तोंडाला पदर लावायच्या. पाच मिनिटं जावोत की पंधरा, नाव घेतल्याशिवाय तो पुढचं वाक्य बोलत नसे.

ज्याच्या मयताला भाऊबंद हात लावायला तयार नसत, त्याला अंघोळ घालायला तो जायचा. बरोबर आनंद असायचा.

आनंद इंदापूरचा. बारामती एमआयडीसीत दुधाच्या कारखान्यात कामाला, पाळी संपली की मोटारसायकलवर भिगवणला यायचा. तिथं दोन खोल्यांत तो आणि संघपाल नऊ वर्षं राहिले. कऱ्हाटीला चौदा एप्रिलला आणि दिवाळीच्या सुटीत दोघं बरोबर यायचे. संघपाल 'माझा मित्र' एवढंच म्हणायचा. आनंदच्या घरच्यांनी इंदापुरात त्याच्याशी बोलणं टाकलं होतं, ते का टाकलं हे तात्यांनी कधी विचारलं नाही. एकदा भिगवणहून परत येताना एसटीत तुळसाबाई सहज म्हणाली होती, "दोगांचा संसार नेटका हाय बगा. डबं कसं वळीनं लावल्यात." तात्या खिडकीतून ऊस बघत राहिले होते. ऊस त्यांनी जन्मभर बघितला होता, त्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

तर असा हा पोरगा सत्त्याण्णवच्या श्रावणात घरी आला तो अंथरुणावरच.

कचरूतात्या म्हणजे साधा माणूस नव्हे, हेही सांगितलं पाहिजे. बारामतीत एका कचेरीत तीस वर्षं शिपाई, पण छप्पन्न साली वीस वर्षांचे असताना दीक्षा घेतलेले, आणि बोलायला उभे राहिले की विहारातली पोरंसोरंसुद्धा गप्प होत. दर चौदा एप्रिलला त्यांचं एक भाषण ठरलेलं. लहानपणी वाड्याच्या पायरीखाली उभं करून वरून पाणी कसं ओतायचे, खाली ओंजळ धरून ते कसं प्यायचं आणि अर्धं पाणी कसं कोपरापर्यंत ओघळून मातीत जायचं, हे ते सांगायचे. सांगताना दोन्ही हात जुळवून ओंजळ करून दाखवायचे. ऐकणाऱ्या म्हाताऱ्या डोळे पुसायच्या.

भाद्रपदात एका दुपारी तुळसाबाई दळणाला गेली होती आणि संघपालनं पाणी मागितलं. तात्यांनी तांब्या भरला. पेला कुठला द्यावा हे त्यांना सुचेना. डॉक्टरनं सांगितलं होतं, शिवल्यानं, खाल्ल्या-प्याल्यानं काही होत नाही. संघपालनं स्वतः शंभरदा सांगितलं होतं. तरी हात थबकला. "हात धर," ते म्हणाले. संघपाल भिंतीला टेकून बसला आणि त्यानं दोन्ही हात जुळवले. तात्यांनी वीतभर अंतर ठेवून वरून धार सोडली.

संघपाल दोन घोट प्याला आणि थांबला. पाणी त्याच्या वाळलेल्या हातांवरून कोपराशी येऊन गोधडीवर गळत होतं. तो बराच वेळ ते बघत राहिला. मग म्हणाला, "तात्या, तुमी भाषणात सांगता ते खरं हाय. कोपरातनं गळतं."

त्या क्षणी धरणी दुभंगून पोटात घेती तर बरं, असं तात्यांना झालं. तांब्या खाली ठेवून ते बाहेर गेले आणि गोठ्याच्या मागं उभं राहून रडले. लाज वाटली, अगदी हाडापर्यंत वाटली. आणि एवढी लाज वाटूनही दुसऱ्या दिवसापासून त्यांनी संघपालसाठी पेला काढला तो वेगळाच काढला, बाकीच्या भांड्यांत न मिसळणारा. तुळसाबाईनं तो बघितला, त्यातलं उरलेलं पाणी त्यांच्यासमोर घटाघटा पिऊन टाकलं आणि म्हणाली, "पेले. मेले का?"

मग फेब्रुवारीत संघपालनं त्यांना जवळ बसवून घेतलं. आनंद तेव्हा रजा काढून आला होता आणि बाहेर त्याची अंथरुणं-पांघरुणं धूत होता.

"तात्या, माझ्या कार्यक्रमात तुमी बोलणार. दोन गोष्टी करा. आजाराचं नाव घ्या. डाळजच्या बायका येतील, त्यांना मी नाव घ्यायला लावलंय. त्यांच्यासमोर माझ्याच घरानं लपवलं तर त्या कुणाच्या तोंडाकडं बघणार?"

"आणि दुसरी?"

"आनंदला घरच्यांत बसवा. म्होरं."

तात्यांच्या ओठावर एक प्रश्न सहा महिने येऊन बसला होता. तो त्या वेळी बाहेर पडला. "त्यानंच दिला नव्हं हा आजार तुला?"

संघपाल रागावला नाही. "हायवेवर कितीतरी जण भेटले, कुणी कुणाला दिला हे मी एकालाबी विचारलं नाय. तुमी मला विचारू नका. शब्द देता?"

"दिला," तात्या म्हणाले. आणि देताना तो खरा होता, एवढं तरी त्यांच्या बाजूनं म्हटलं पाहिजे.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात संघपाल गेला. मयताला अंघोळ आनंदनं आणि तुळसाबाईनं घातली. भाऊबंद अंगणात उन्हात उभे होते आणि आत यायला कुणाला ना कुणाला काहीतरी काम निघत होतं.

पुण्यानुमोदन आठव्या दिवशी ठरलं. सगळी तयारी तात्यांचा पुतण्या बुद्धघोष यानं अंगावर घेतली. बुद्धघोष बारामतीत बँकेत होता. गावात काही उभं करायचं तर माणूस हाच. मांडव, भंतेजींना आणणं, स्वयंपाकी, खुर्च्या, सगळं त्यानं केलं आणि आदल्या दिवशी तात्यांना बाजूला घेतलं.

"तात्या, तेजश्रीच्या सासरची माणसं उद्या येतायत."

तेजश्री ही तात्यांची धाकटी लेक. टेलिफोन खात्यातला पुण्याचा मुलगा ठरला होता, मे महिन्यात लग्न होतं.

"मग येऊ द्या की."

"येऊ द्या म्हणजे? तुमी आजाराचं नाव काढणार, असं ऐकलं. नाव काढलं की माणूस पुढचं विचारतो. बायको नव्हती, मग कुठनं आला? मग तो आनंद कोण? एक धागा वढला की सगळं उसवतंय बगा. दादा गेला. जिती लेक हाय तुमची."

तात्या म्हणाले, "मी शब्द दिलाय."

"मेलेल्याला दिलेला शब्द मेलेला माणूस तपासाया येत न्हाय, तात्या."

हे ऐकून तात्यांच्या अंगाची लाही झाली. बुद्धघोषच्या कानफटात द्यावी असं वाटलं. पण दिली नाही, आणि रात्रभर तेच वाक्य घोळवत राहिले. तेजश्रीला मात्र कुणीच काही विचारलं नाही. तिचं नाव पुढं करून सगळं चाललं होतं आणि ती स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होती.

कार्यक्रमाला माणूस लोटला. विहारापुढचा मांडव भरून लोक रस्त्यापर्यंत उभे होते. फोटोला हार, समोर मेणबत्त्या, डाव्या हाताला डाळजच्या सात बायका पांढऱ्या लुगड्यांत एकमेकींना चिकटून बसलेल्या. त्यांच्यात सारजा होती. सव्वीस-सत्तावीसची असेल. नवरा ट्रकवर होता, तो गेल्यावर दिरानं तिला दोन पोरांसकट जनावरांच्या छपरात टाकलं होतं. पहिल्या रांगेत तेजश्रीचे होणारे सासू-सासरे. आणि आनंद कुठं होता? आनंद पाण्याच्या पिंपापाशी होता. सकाळपासून पाणी तोच देत होता. कुणीतरी त्याला तिथं उभं केलं होतं आणि तो उभा राहिला होता.

त्रिशरण-पंचशील झालं. भंतेजींनी जलदानासाठी घरच्या मंडळींना पुढं बोलावलं. भांड्यातलं पाणी सगळ्यांनी मिळून हात लावून वाटीत सोडायचं, वाटी भरून वाहीपर्यंत. तात्या उठले, तुळसाबाई, तेजश्री, बुद्धघोष उठले. तिकडं आनंदनं हातातला जग खाली ठेवला, हात पँटीला पुसले आणि तो पुढं यायला निघाला. चार पावलं आला असेल. बुद्धघोषनं त्याच्या छातीवर हलकेच हात ठेवला. दिसायला अगदी आपुलकीनं ठेवला.

"तुमी पाण्याचं बघा, आनंदराव. लोकं खोळंबल्यात."

आनंदनं बुद्धघोषकडं बघितलंच नाही. त्यानं तात्यांकडं बघितलं. तात्यांनी ते बघणं बघितलं. मांडवात एवढी माणसं असून तेवढ्यापुरते ते दोघंच समोरासमोर होते. एक हाक मारायची होती. 'ये' एवढंच म्हणायचं होतं, एका अक्षराचा शब्द. सासऱ्यांनी त्याच वेळी चष्मा सारखा केला आणि तात्यांनी मान वळवून भांड्याला हात लावला. तुळसाबाई हलक्या आवाजात म्हणाली, "अवो, त्याला घ्या की." पाणी वाटीत पडायला लागलं होतं.

मग भाषणं झाली. शोकसभेत बोलायची आपल्याकडं एक वेगळीच भाषा आहे, त्यात मेलेल्या माणसाला ओळखणं कठीण जातं. मुख्याध्यापकांनी चंदनासारखा देह झिजवला म्हणून सांगितलं. संस्थेच्या अध्यक्षांनी ज्योत विझली, पण प्रकाश राहिला, असं सांगितलं. तिघांनी 'संसाराच्या मोहात न पडता' म्हटलं. एकानं तर समाज हीच त्याची पत्नी होती, असं म्हणून डोळे पुसले. नऊ वर्षांचा संसार केलेला माणूस पिंपापाशी उभा राहून पेले विसळत होता.

शेवटी तात्या उठले. बोलताना त्यांची जीभ कधी अडखळत नसे, त्या दिवशीही अडखळली नाही. अडखळली असती तर बरं झालं असतं. ते फार सुंदर बोलले. लहानपणी संघपाल कंदिलाखाली कसा अभ्यास करायचा, पहिल्या पगारात आईला लुगडं कसं आणलं, ट्रकवाल्यांच्या पोरांना फुकट कसं शिकवायचा, सगळं सांगितलं. डाळजच्या बायका माना वर करून वाट बघत होत्या. तात्यांना ते दिसत होतं. ते त्या वाक्याच्या काठावर आले आणि म्हणाले, "अशा माझ्या लेकाला अल्पशा आजारानं आमच्यातनं नेलं. कावीळ पोटात उतरली. कुणाचंच काय चाललं न्हाय."

मांडव हळहळला. कितीतरी बायका रडल्या. होणाऱ्या सासऱ्यांनी पुढं येऊन तात्यांचे दोन्ही हात हातात घेतले.

पंगतीची पानं मांडली जात होती तेव्हा डाळजच्या बायका चपला शोधत होत्या. तात्या त्यांच्या मागं गेले. "जेवून जावा, बाय."

सारजा वळली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. "सरांनी आमाला नाव घ्याया लावलं, तात्या. आमी घेतलं. घेतलं म्हणून मला छपरात टाकली, ह्या फुलाबाईला माहेरात घेईनात. तरी आमी म्हणायचो, सर हायत." तिनं चपला पायात सरकवल्या. "तुमचं घर शाबूत राहिलं. बरं झालं."

आणि त्या गेल्या. सात पानं तशीच उचलावी लागली.

आनंद मात्र जेवण उरकेपर्यंत थांबला. चारशे माणसाला त्यानं पाणी वाढलं. भांडी मोजून स्वयंपाक्याच्या ताब्यात दिली, तुळसाबाईच्या पाया पडला आणि संध्याकाळच्या एसटीसाठी फाट्यावर जाऊन उभा राहिला. तात्या पाय ओढत तिथं गेले. काय बोलणार होते ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. जवळून बघितलं तर शर्टाची कॉलर आनंदच्या गळ्याभोवती सैल झालेली. गालाची हाडं वर आली होती.

"तू दमला असशील," तात्या म्हणाले. "लई वाळलास. दवाखान्यात दाखव."

"दाखवलंय." आनंद रस्त्याकडं बघत होता. "मलाही आहे तात्या, अल्पसा."

तात्यांना आधी कळलंच नाही. मग कळलं. ह्या पोरानं आजार दिला म्हणून सात महिने त्याच्यावर मनातल्या मनात दात खाल्ले, पण दिला असेल तर त्याच्याही अंगात तो आहे, हा साधा हिशेब त्यांच्या डोक्यात कधी शिरला नव्हता. आनंदच्या आवाजात टोमणा नव्हता. उलट तात्यांना अवघड वाटू नये म्हणून त्यानं त्यांचाच शब्द वापरला होता आणि तेच सहन होईना. एसटी आली. तो चढला आणि खिडकीतून त्यानं हातही केला.

मेमध्ये लग्न झालं. थाटात झालं. सासरी कुणी काही विचारलं नाही. तेजश्री निघताना आईच्या गळ्यात पडली, बापाला नमस्कार केला आणि एवढंच म्हणाली, "आनंददादाला बोलवायचं होतं." तात्यांना वाटलं होतं, लेकीसाठी केलं. लेक ते घेऊन गेली नाही.

तुळसाबाई दर रविवारी भिगवणला जाऊ लागली. भाकऱ्या, खरडा, मऊ भात घेऊन पहिल्या गाडीनं जायची आणि दिवस मावळायला यायची. सारजा आणि फुलाबाई तिथं आलटून पालटून यायच्या, असं ती सांगायची. "तुमी चला की येकदा," असं तिनं दोनदा म्हटलं. तात्यांची छाती झाली नाही. जाऊन बोलायचं काय? माफ कर म्हणायचं, तर कशाकशाची म्हणायची? एक महिना, दोन महिने करत पावसाळा गेला. नोव्हेंबरात तुळसाबाईचा गुडघा धरला आणि ती उठेना. त्याच आठवड्यात किराणा दुकानाच्या फोनवर निरोप आला की आनंदला इंदापुरात दवाखान्यात ठेवलंय, जास्त आहे.

आता मात्र टाळता येईना. तात्या सकाळच्या गाडीनं निघाले. वाटेत त्यांनी वाक्यं जुळवली, मोडली, पुन्हा जुळवली. भाषण करणाऱ्या माणसाची खोड, दुसरं काय. दवाखान्यात पोचले तेव्हा नऊ वाजले होते आणि आनंद पहाटे पाचला गेला होता. सारजा आदल्या संध्याकाळपर्यंत बसून पोरांकडं परतली होती. आनंदचा भाऊ इंदापुरातच होता. तो येऊन दारातून बघून गेला होता आणि तुमचं तुम्ही काय ते करा, असं सांगून गेला होता. मागच्या खोलीत लोखंडी खाटेवर चादरीत गुंडाळलेलं ते एवढंसं अंग तात्यांनी बघितलं. जुळवलेलं एकही वाक्य कामाला आलं नाही.

कारकून भला माणूस होता. त्यानं खुर्ची दिली. "मयत तुम्ही नेणार? तुमचं नातं काय लावू?"

तात्या विचारात पडले. मुलाचा मित्र म्हणावं, तर मित्राचं मयत कोण नेतं? दुसरं काही म्हणावं, तर त्याला आपल्या बोलीत शब्दच नव्हता. मामा, चुलता, साडू, व्याही, सगळ्यांना आहेत, ह्याला नाही.

"आमच्या घरचा हाय," ते म्हणाले.

"घरचा म्हणजे?"

"माझ्या लेकाचं घर ह्याच्यासंगं व्हतं. नऊ वर्सं."

कारकुनानं पेन उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं आणि रकान्यात 'घरचा' असंच लिहिलं. सही घेतली. मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "आजोबा, एक सांगतो. बाहेर टेम्पोवाले विचारतील, कशानं गेला. कावीळ म्हणून सांगा. खरं सांगितलंत तर एकजण हात लावायचा नाही. मी रोज बघतो. कऱ्हाटी लांब आहे, गाडीशिवाय कसं न्याल?"

चांगल्या मनानंच सांगत होता तो. तात्यांनी त्याच्याकडं बघितलं आणि टोपी डोक्याला घातली.

बाहेर पायरीवर ते बसले. पहिला टेम्पोवाला साडेनऊला आला, ओळखीच्या माणसासारखा शेजारी टेकला, भाडं सांगितलं, तंबाखू पुढं केली. "कशानं गेलं म्हणायचं?"

"एड्सनं," तात्या म्हणाले.

माणूस उठला. तंबाखू घ्यायची राहिली. दुसऱ्यानं आधी अंतर विचारलं, मग कारण, आणि डिझेल कमी आहे असं सांगून गेला. तिसऱ्यानं तोंडावर सांगितलं, "म्हाताऱ्या, कावीळ म्हनला असतास तर नेलं असतं रं." ऊन पायरीवर चढलं. कारकून दोनदा दारात येऊन गेला, एकदा चहा देऊन गेला. चौथा म्हणाला, मयताला प्लास्टिक गुंडाळा आणि भाड्याचे दुप्पट द्या. तात्यांनी ते कबूल केलं, तर क्लीनर गाडीत बसेना आणि तोही गेला. कुणाजवळ नुसतं 'दुखणं' म्हटलं असतं, तरी एव्हाना गाडी अर्ध्या वाटेवर असती. तिकडं कऱ्हाटीत तुळसाबाई दुखऱ्या गुडघ्यानं उंबऱ्यात वाट बघत असणार, हे त्यांना दिसत होतं.

दुपारचे तीन वाजून गेले. एक निळा टेम्पो आवारात शिरला. ड्रायव्हर तरणा होता, इंजिन चालू ठेवून त्यानं खिडकीतून मान बाहेर काढली.

"कऱ्हाटीला जायचंय ती बॉडी तुमचीच का, आबा? कशानं गेलं?"

तात्या गुडघ्यांवर हात रेटून उठले, इंजिनच्या आवाजावर ऐकू जावं म्हणून टेम्पोच्या जवळ गेले आणि त्यांनी सांगितलं.